दगडातील गवत आणि रेणूतील ग्रंथ

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाच्या शिवारात मातीत मिसळलेले गोलसर, लांबट दगड सापडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नांगराला आडवे येणारे धोंडे. भूशास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र ती साडेसहा कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी येथे वावरलेल्या डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा आहे. अशा त्याज्य वस्तूत पृथ्वीच्या इतिहासाचे एक पान लिहिलेले असावे, आणि ते वाचावयास मनुष्याला एकविसावे शतक उजाडावे लागावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आज शास्त्रज्ञ डीएनए या जीवनरेणूत ग्रंथ साठवू लागले आहेत, आणि अशा साठ्यांची स्वप्ने विज्ञानकथाकारांनी पूर्वीच पाहिली होती. परंतु नोंद करणे आणि ती वाचली जाणे यांत केवढे अंतर असते, हे समजून घ्यावयाचे तर पिसदुरा येथील दगडांपासूनच आरंभ करणे सोयीचे.

या दगडांकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अध्यापन आणि धर्मकार्य सांभाळून ते बैलगाडीच्या वाटांनी मध्य भारतातील खडक न्याहाळीत हिंडत. पिसदुरा येथील हाडे आणि अश्मीभूत विष्ठा त्यांनी गोळा केली. पुढे १९३९ साली चार्ल्स मॅटली या भूशास्त्रज्ञाने त्या विष्ठेचे प्रकार पाडून वर्णन प्रसिद्ध केले. तरीही त्या दगडांच्या पोटात काय दडले आहे, ते कोणासही वाचता आले नव्हते.

ते वाचन २००५ साली झाले. लखनौ येथील बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, ज्येष्ठ जीवाश्मशास्त्रज्ञ अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुरा येथील नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत त्यांना गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे अतिसूक्ष्म कण आढळले. झाडे मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात. ती पेशींत साचते व पेशीचा आकार धारण करते. पान कुजून जाते; परंतु काचेसारखा तो कण आपला आकार घेऊन मागे उरतो. पिसदुरा येथे गवताच्या किमान पाच प्रकारांचे असे कण सापडले. डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, ही तोवरची समजूत त्यामुळे मोडली. म्हणजे दगड तेच होते; बदलला तो वाचणारा.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए हा लांबलचक रेणू असतो. चार रासायनिक घटकांच्या क्रमाने तो सजीवाची घडण नोंदवून ठेवतो. या घटकांना ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ओळखतात. संगणकाची सारी माहिती शून्य आणि एक या दोनच चिन्हांत मांडलेली असते. तेव्हा शून्याशून्याच्या जोडीला ए, शून्य-एकच्या जोडीला सी, असा संकेत ठरविला की कोणतेही पुस्तक चार अक्षरांच्या क्रमात उतरविता येते. मग त्या क्रमाचे रेणू प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या जुळवावयाचे आणि वाचावयाच्या वेळी यंत्राने त्यांतील क्रम पुन्हा ओळखावयाचा. प्रत्यक्षातील संकेत याहून गुंतागुंतीचे असतात. चुका सुधारण्याची सोयही त्यांत करावी लागते. तत्त्व मात्र एवढेच.

१९८८ साली ज्यो डेव्हिस या कलावंताने शास्त्रज्ञांच्या साह्याने अवघ्या ३५ ठिपक्यांचे एक चित्र अशा रीतीने जिवाणूच्या डीएनएत उतरविले. २०१२ साली हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांनी ५३ हजारांहून अधिक शब्दांचे आपले पुस्तक डीएनएत लिहिले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील निक गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी शेक्सपिअरची सर्व १५४ सुनीते व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा अंश साठवून तो परत वाचून दाखविला. २०१७ मधील एका प्रयोगात एका ग्रॅममध्ये सुमारे २१ कोटी गिगाबाइट माहिती मावेल इतकी दाट मांडणी साधली गेली. वेग मात्र अजून बेताचाच होता. २०१९ साली पूर्णपणे स्वयंचलित यंत्राने 'हॅलो' हा एक इंग्रजी शब्द डीएनएत लिहून परत वाचला, त्याला तब्बल २१ तास लागले.

हे सारे विज्ञानकथेने आधीच सांगितले होते काय? येथे न्यायाने बोलले पाहिजे. अत्यंत अल्प जागेत प्रचंड माहिती साठविण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ सालच्या व्याख्यानात मांडली आणि सजीवांच्या पेशीचाच दाखला दिला. सोव्हिएत अभियंता मिखाईल नेमन यांनीही १९६० नंतरच्या दशकात अशा रेणवीय स्मृतीचा विचार केला. तंत्राचा मान शास्त्रज्ञांकडेच जातो. कथाकारांनी पाहिले ते निराळेच. एखाद्या अज्ञात लेखकाने ठेवलेला ज्ञानाचा साठा अनोळखी वाचकाच्या हाती पडला तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता.

१९६१ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. तीत दूरच्या तारकाविश्वातून आलेला संदेश हा वस्तुतः एका संगणकाचा आराखडा निघतो आणि तो संगणक पुढे सजीव देह घडवितो. १९९३ सालच्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या एका भागात तर अनेक ग्रहांवरील सजीवांच्या डीएनएत विखरून ठेवलेला पुरातन संदेश शोधला जातो.

हॉइल यांचे केंब्रिज येथील शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली. पुढे 'वामन परत न आला' या कादंबरीत त्यांनी जमिनीखाली गवसलेल्या एका पेटीची कल्पना केली. एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान त्या पेटीत साठविलेले आहे. आजचे शास्त्रज्ञ ते उलगडतात, त्यावरून यंत्रमानव घडवितात, आणि हे ज्ञान वरदान की संकट, असा पेच उभा राहतो. २०२५ साली नारळीकर निवर्तले. जमिनीतून निघालेल्या साठ्याला लायक वाचक हवा, हे मराठी वाचकाला त्यांनी किती आधी सांगून ठेवले होते!

लोकांच्या स्मरणात अधिक ठसला तो मायकेल क्रायटन यांचा 'जुरासिक पार्क'. १९९० सालच्या या कादंबरीत अंबरात अडकलेल्या डासांच्या पोटातील रक्तातून डायनोसॉरांचा डीएनए मिळवितात. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यातही, वडधमच्या परिसरात, डायनोसॉरांची हाडे आणि अश्मीभूत वृक्ष मिळाले आहेत. मग तेथून असा डीएनए निघेल काय? नाही. २०१२ साली न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांचा अभ्यास झाला. सुमारे १३ अंश तापमानात डीएनएचे निम्मे दुवे ५२१ वर्षांत तुटतात, असा हिशेब त्यातून निघाला. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि पावसाळ्यात रान ओलेचिंब होते. तेथे साडेसहा कोटी वर्षांच्या डीएनएची आशा करणे व्यर्थ आहे.

मग डीएनएतील ग्रंथ टिकावा कसा? २०१५ साली झुरिक येथील शास्त्रज्ञांनी त्याचा उपाय दाखविला. त्यांनी लिखित डीएनए सूक्ष्म सिलिकेच्या गोळ्यांत बंदिस्त केला. अशा रीतीने तो थंड हवामानात दोन हजार वर्षे आणि गोठणाऱ्या थंडीत वीस लाख वर्षांपर्यंत टिकेल, असा त्यांचा अंदाज आहे. पिसदुरा येथील गवताने जी वस्तू वापरली, तीच माणसाने अखेर निवडली. गवताची घडण नोंदविणारा रेणू केव्हाच नष्ट झाला. त्याच्या पेशीचा काचेचा ठसा तेवढा शिल्लक राहिला.

टिकण्याचा प्रश्न असा निम्मा सुटतो. वाचकाचा प्रश्न उरतोच. माणसाला स्वतःच्या शरीराविषयी कुतूहल असेल तोवर डीएनए वाचणारी यंत्रे असतील, म्हणून हे माध्यम कधी कालबाह्य होणार नाही, असे शास्त्रज्ञ म्हणतात. ते खरे आहे. परंतु यंत्र अक्षरे ओळखील. शून्याशून्याला ए मानावे हा संकेत कोठून आणील? किल्ली हरवली तर त्या काचेच्या गोळ्या म्हणजे पिसदुरा येथील धोंडेच.

आपल्या परंपरेतील एक उदाहरण येथे आठवते. ऑगस्टिनी मठातील संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १८६५ साली ब्रनो येथे त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले. १८६६ साली ते छापले गेले. आनुवंशिकतेचे नियम तेथे स्पष्ट अक्षरांत मांडलेले होते, ग्रंथालयांत प्रतीही पोहोचल्या होत्या. परंतु त्यांचे महत्त्व जाणणारा भेटला नाही. मेंडेल १८८४ साली वारले. तीन शास्त्रज्ञांनी तो निबंध नव्याने उजेडात आणला तो १९०० साली. त्यांचा कागद धड होता, भाषाही परिचित होती. उणीव होती ती वाचकाचीच.

आणि याच १८६६ साली नागपूरकडे आणखी एक ग्रंथ छापला गेला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात वाहून गेले. त्यांच्यामागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. त्यांत गोंड समाजाच्या लिंगो या पूर्वजाचे गीत होते. परधान गायकांच्या कंठात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते गीत हिस्लॉप यांनी लिहून घेतले होते. एकाच मनुष्याने याच मुलखातून दोन साठे वेचले, एक दगडांचा आणि दुसरा गीताचा. दगडांना त्यांचा वाचक दीडशे वर्षांच्या सुमारास भेटला. गीताचे काय?

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक नोंदले गेले. गडचिरोलीच्या रानात गोंडी आणि माडिया आजही बोलल्या जातात. पण मूल शाळेत जाते ते बहुधा मराठी शिकावयास. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिचे मोल म्हणूनच मोठे. ग्रंथ छापून ठेवता येतो, डीएनएतही उतरविता येतो. परंतु ते गीत आपले म्हणून वाचणारे मूल प्रयोगशाळेत घडत नाही. ते घरी आणि शाळेतच घडते.

हा प्रश्न केवळ रानातल्या गावांचा नाही. वसईसारख्या भागांतील आपल्या जुन्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या ज्या नोंदवह्या आहेत, त्यांतील पुष्कळ लेखन लॅटिन आणि पोर्तुगीज भाषेत आहे. वाळवीपासून आणि ओलीपासून त्या जपल्या पाहिजेत, हे कोणीही मान्य करील. पण आपल्या पणजोबांचे नाव त्या पानावर बोट ठेवून वाचू शकणारे तरुण प्रत्येक धर्मग्रामात किती आहेत? निदान दोघातिघांना ती लिपी आणि तो मजकूर शिकविण्याची तजवीज होईल, तर काचेच्या गोळ्यांची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.