शनवार तेल्यांचे अल्बम

स्मरणिकेच्या मंडळींनी ‘ठाण्याच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असं सांगितलं तेव्हा मासुंदा तलाव, किल्ला, १८५३ ची पहिली रेल्वे हे सगळं आधी डोळ्यासमोर आलं. पण ते शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. म्हणून ज्यांच्याबद्दल आपण शेजारी असूनही फारसं वाचलेलं नाही, त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावरचं सिनेगॉग आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलं आहे. ते १८७९ सालचं. ‘शाआर हाशामायिम’, म्हणजे स्वर्गाचं द्वार, हे त्याचं हिब्रू नाव. ते ज्यांनी बांधलं ते बेने इस्रायली लोक मराठी बोलणारे, कोकणातले, म्हणजे आपलेच गाववाले.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. वाहून आलेल्यांचं दफन तिथंच झालं. नवगावला आज त्याचं स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. आडनावं गावावरून पडली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. ही परंपरा किती जुनी, यावर विद्वानांचे वाद आहेत आणि ते चालू राहतील. मला स्वतःला त्या वादापेक्षा त्यानंतरच्या दोनशे वर्षांत जास्त रस आहे, कारण त्या काळाचे कागद आहेत.

कागद का लागतात, याचं एक उदाहरण देतो. कोकणात राहून या लोकांची नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मशीद बंदर भागात उभं राहिलं. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ! ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले होते, सुटून आल्यावर त्यांनी हे मंदिर बांधलं, अशी हकीकत आहे. दिवेकर प्रसिद्ध, म्हणून त्यांची दोन्ही नावं आपल्याला ठाऊक. पण रेल्वेतला एखादा साधा कारकून घ्या. ऑफिसच्या दाखल्यावर एक नाव, गावच्या जमिनीच्या कागदावर दुसरं, कबरीच्या दगडावर हिब्रूत तिसरं. हे तिन्ही एकच माणूस आहेत हे फक्त घरच्यांना माहीत असतं. नाहीतर त्या फोटोच्या पाठीमागे कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेलं असतं.

छापील कागदही कमी नाहीत. वल्हांडणाच्या सणाला घरात वाचायची ‘हागादा’ नावाची पोथी हिब्रू आणि मराठीत १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली. पुढे १८७४ साली पुण्यात छापलेल्या हागादामध्ये चित्रं आहेत आणि त्यातल्या बायका आपल्याकडच्या साड्या नेसून, जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करताहेत. कॅमेरा घरोघर पोचण्याच्या आधीचा हा जणू त्यांचा फॅमिली फोटोच. अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली गेली, त्यांची पुस्तकं निघाली. मराठीतून मासिकं निघाली. गंमत म्हणजे ही कीर्तनंही हरदासी पद्धतीचीच, फक्त आख्यान तोरातलं.

आता दुसरी बाजू. हाईम सॅम्युएल केहिमकर नावाचे गृहस्थ होते. १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढणारे. त्यांनी समाजाचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापून आला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. मधली चाळीस वर्षं ते बाड नुसतं कागद म्हणून पडून होतं. वाळवी लागली असती, पावसाळ्यात भिजलं असतं, कोणी रद्दीत दिलं असतं, तर आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं ठाऊक नसतं. लेखक १९०८-०९ च्या सुमारास वारले. त्यांनी आपलं पुस्तक पाहिलंच नाही.

१९४८ नंतर मंडळी इस्रायलला जाऊ लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात सगळे मिळून पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते, २०११ च्या जनगणनेत ते पाच हजारांच्याही आत आले. कोणी छळ केला म्हणून ते गेले नाहीत, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण जाताना सामान मोजकंच नेता येतं. अल्बम कोणी नेला, कोणी बहिणीकडे ठेवला. बहीण पुढे गेली, अल्बम माळ्यावर राहिला. चाळ पडून टॉवर झाला तेव्हा माळा रिकामा करायला आलेल्या माणसाला त्या फोटोतली टोपी-कोटवाली माणसं कोण हे कसं कळणार?

आणि तिकडे गेल्यावर नेमका याच कागदांचा प्रश्न आला. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की, बेने इस्रायली मुलामुलींचं लग्न इतर ज्यूंशी लावताना आईच्या बाजूने शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. म्हणजे रोह्याच्या पणजीचा पुरावा जेरुसलेमला द्या! पिढ्यान्पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांना हे किती लागलं असेल. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरली गेली. प्रकरण त्यांच्या संसदेपर्यंत गेलं आणि त्या आदेशातून अखेर या समाजाचं नाव काढावं लागलं. ते माणसांच्या चिकाटीने झालं, कागदांनी नव्हे. पण पणजीचं नाव, गाव आणि लग्नाचा करारनामा, ज्याला ते ‘केतुबा’ म्हणतात, हे घरात असणं म्हणजे काय, ते या लोकांना तेव्हापासून कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसांचं काहीतरी शिल्लक राहतंच. मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता आहे. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर, ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कवी निसिम इझिकेल, ही नावं पुस्तकांत आहेत. पण मलिद्याच्या ताटाभोवती बसलेल्या आजी, पोहे-खोबरं आणि फळं मांडलेलं ते ताट, मागे भिंतीवरचं कॅलेंडर, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? एलियाहू हनाबीच्या नावाने होणारा हा विधी हिब्रू प्रार्थनेचा आणि कोकणी पोह्यांचा. इतिहासकाराला तो फोटो महापौरांच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो, असं माझं मत आहे.

तेल अवीवच्या ज्यू लोकांच्या संग्रहालयात घराघरांतून गोळा केलेल्या फोटोंचा मोठा साठा आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी छापील पुस्तकं आहेत. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिकही निघत आलं आहे. पण तिकडच्या नातवंडांना मराठी बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. आजोबांची पत्रं त्यांच्या हातात आहेत आणि बंद आहेत. इथे आपल्यासारख्यांचा उपयोग होऊ शकतो. पत्र वाचून देणं, गावाचं नाव ओळखणं, मोडीतला कागद लावून देणं, ही कामं आपल्या बिल्डिंगमधले निवृत्त लोक आरामात करू शकतील.

आता थोडं व्यवहाराचं, कारण हे कुणाच्याही अल्बमला लागू आहे. फोटो लॅमिनेट करू नका, नंतर ते प्लास्टिक निघत नाही. सेलोटेप तर नकोच, तिचा पिवळा डाग कायमचा. चिकट पानांचे अल्बम ऐंशीच्या दशकात घरोघर आले, त्यांनीच जास्त फोटो खाल्ले. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेनने नाही. मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो नातेवाइकांना पाठवायला ठीक, जपायला नाही. सहाशे डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. फाइलच्या नावात माणसाचं नाव, गाव आणि अंदाजे साल घाला. आणि मूळ फोटो टाकू नका.

रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ऑफिसात महिनाभर स्कॅनर ठेवायचं ठरतंय. सगळ्यांसाठी, कुठल्याही धर्माचा, कुठल्याही गावचा अल्बम चालेल. फोटो उचकटून आणू नका, अल्बमसकट आणा. आणि जमलं तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसालाही बरोबर आणा. खुर्ची आणि चहा आम्ही देऊ.