काचघरातला वारा

आंबोलीला माझ्या मामांच्या परसात एक जुना फणस आहे. त्याच्या खोडाला सीतेची वेणी चिकटलेली आहे. पावसाच्या तोंडावर तिचे गुलाबी घोस लोंबू लागतात. काही वर्षांपूर्वी वादळात त्या फणसाची एक फांदी मोडली, तेव्हा फांदीवरचा गड्डा मी पुण्याला आणला. फ्लॅटची बाल्कनी काचेनं बंद केलेली होतीच. तिथे एक दिवा लावला, हवा दमट ठेवणारं यंत्र आणलं, फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. जंगल म्हणजे ऊब, ओल आणि सावली, असा माझा हिशेब. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं काळी पडली, पानांच्या बुडाशी पाणी सुटलं आणि आठ दिवसांत सगळं कुजलं. मामांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "गो, तिका वारो व्हयो."

पुढे काचघरांचा इतिहास वाचायला घेतला तो खरं म्हणजे वेगळ्याच कामासाठी. पण त्यात माझीच चूक मला पुन्हा भेटली, आणि तीही केवढ्या मोठ्या प्रमाणावर! एका अख्ख्या देशानं ती काही दशकं केली होती.

गंमत अशी की वाऱ्याचं महत्त्व इंग्लंडमधल्या लोकांना आधी कळलेलं होतं. जॉन एव्हलिन हा सतराव्या शतकातला रोजनिशीकार. त्यानं १६८५ साली लंडनजवळच्या चेल्सीत औषधविक्रेत्यांच्या संघाची बाग पाहिली. तिथल्या वनस्पतिघराखाली विटांच्या कमानीत भट्टी होती, आणि तिच्या जोरावर माळी कडाक्याच्या थंडीतही दारं-खिडक्या उघड्या ठेवू शकत होता. एव्हलिनच्या नजरेत भरलं ते हेच. तेव्हाची रीत होती खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. तिनं ऊब मिळे, पण कोंडलेल्या धुरानं झाडं गुदमरत. १६९१ साली आपल्या बागकामाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एव्हलिननं स्वतःची योजना मांडली. भट्टी खोलीच्या बाहेर ठेवायची. बाहेरची ताजी हवा नळ्यांतून त्या भट्टीतून न्यायची, म्हणजे ती तापून झाडांपर्यंत येईल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीत एक वाट ठेवायची; तिच्यातून शिळी हवा भट्टीकडे ओढली जाईल आणि तीच विस्तवाला लागेल. म्हणजे आग पेटलेली आहे तोवर खोली आपोआप श्वास घेत राहणार. नळ्यांच्या तोंडाशी तापमापक टांगावा, असंही त्यानं सुचवलं. आजच्या बंद खोलीतल्या लागवडीत एका भिंतीला हवा घेणारा पंखा आणि समोरच्या भिंतीला बाहेर फेकणारा पंखा बसवतात. तत्त्व तेच, फक्त विजेऐवजी कोळसा.

ही समज पुढे मागे का पडली? माझ्या मते एक कारण पैशाचं आहे. इंग्लंडमध्ये १७४० च्या दशकात काचेवर वजनानुसार कर बसला, तो थेट १८४५ साली उठला. काच महाग, कोळशाचा खर्च वेगळा. अशा घरात खिडकी उघडणं म्हणजे पैसे बाहेर सोडणं. दुसरं कारण कल्पनेचं. उष्ण कटिबंध हा शब्द उच्चारला की युरोपियन माणसाच्या डोळ्यांपुढे वाफाळलेली, अंधारी दलदल उभी राहायची. त्यामुळे परदेशी झाडांच्या घराला नावच पडलं 'स्टोव्ह'. विटांच्या भिंतींतून धुराचे बोगदे फिरवलेले, कातडी कमावून उरलेल्या ओकच्या सालीचा चोथा वाफ्यांत भरून त्याच्या आंबण्याची ऊब घेतलेली, दारं बंद. अशा घरांत ऑर्किडं जाऊन पडली.

जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडांचा मोठा जाणकार. १८३० साली लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे निबंध वाचताना त्यानं झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडांसाठी भरपूर उष्णता, दाट सावली आणि खूप ओल यांची शिफारस केली. माझ्या बाल्कनीचीच कृती! लिंडली विद्वान होता, पण ही झाडं त्यांच्या मुलखात वाढताना त्यानं पाहिली नव्हती. त्याचा शब्द प्रमाण मानून माळ्यांनी घरं आणखी कोंदट केली. झाडं मेली की नवी मागवली जात. उष्ण देशांतल्या ऑर्किडांची इंग्लंड ही दफनभूमी आहे, असंच तेव्हा म्हटलं जाई.

झाडं का मरत होती, हे आज सांगता येतं. या ऑर्किडांची मुळं मातीत नसतात. त्यांच्याभोवती पांढरट, स्पंजासारखं वेष्टण असतं. पाऊस आला की ते पाणी शोषून घेतं आणि सर थांबली की वाऱ्यावर सुकतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. वारा नसला की वेष्टण ओलंच राहतं आणि बुरशीचं फावतं. शिवाय हवा ओलीनं भरून गेली की पानांतून पाणी उडायचं जवळजवळ थांबतं आणि पानं स्वतःला थंड करू शकत नाहीत. रात्रीचा उकाडा तर आणखी वाईट. दिवसा साठवलेली साखर झाड अंधारात श्वसनातच उधळून टाकतं.

या चुकीची किंमत काचघरात चुकती झाली नाही. ती दूरच्या रानांनी भरली. आल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शोधकाचं पुस्तक १८९१ साली निघालं. कोलंबियाच्या डोंगरांत सुमारे १०,००० रोपं मिळवण्यासाठी सुमारे ४,००० झाडं तोडल्याचं तो त्यात सांगतो, आणि सांगताना त्याचा सूर जराही बदलत नाही. तोवर ऑर्किडं जगवायची कशी, हे माळ्यांना बरंच कळलेलं होतं. पण हाव वाढली होती आणि झाडं तोडायची सवय हाडीमाशी खिळली होती.

ते कळलं कुणामुळे? जोसेफ कूपर हा यॉर्कशायरमधल्या वेंटवर्थचा, अर्ल फिट्झविल्यमच्या पदरचा माळी. त्यानं १८३० च्या दशकात तापमान उतरवलं आणि खिडक्या उघडल्या. त्याची टवटवीत ऑर्किडं पाहून विल्यम हूकरसारखे वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. कूपरचं नाव आज फारसं कुणाच्या ओठी नाही. नाव झालं ते चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टनचं. पॅक्स्टननं एकाच भट्टीत सगळ्यांना शेकवण्याऐवजी वेगवेगळ्या हवामानाच्या झाडांना वेगवेगळी घरं दिली, वारा खेळता ठेवला आणि झाडांवर पाण्याचा मारा करण्याऐवजी वाटा नि ओटे शिंपडून ओल राखली. अंगणात सडा घालून दुपार थंड करणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

पॅक्स्टनचा एक तरुण माळी, जॉन गिब्सन, १८३६ साली कलकत्त्याला उतरून खासी टेकड्यांत गेला. (दापोडीच्या सरकारी बागेचे अलेक्झांडर गिब्सन ते वेगळे, नामसाधर्म्यानं मीही एकदा फसले आहे.) चेरापुंजीच्या परिसरात त्याला ऑर्किडांचा खजिना सापडला. महत्त्वाचं हे की ती सापडली डोंगरात, जिथे धुकं येतं, वारा भणाणतो आणि रात्री गारठा पडतो. संग्राहकांकडून अशी माहिती येत गेली आणि दलदलीचं चित्र हळूहळू पुसट झालं.

याच पॅक्स्टननं १८३६ ते १८४० या काळात चॅट्सवर्थला 'ग्रेट स्टोव्ह' उभारला: २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. तळघरात आठ बॉयलर, आणि कोळसा आणायला जमिनीखालून रूळ, म्हणजे पाहुण्यांना काजळी दिसायला नको. १८४३ साली व्हिक्टोरिया राणीची बग्गी आतून फिरली. हवेचं नियंत्रण मात्र माणसांच्याच हाती होतं. १८१६ च्या सुमारास जेम्स क्यूली यानं उष्णतेनं द्रव फुगला की तोल ढळून तावदानं आपोआप उघडतील, असं यंत्र काढलं होतं. बागकामाचा लेखक लाउडन त्यावर खूश होता. पण माळ्याची पोरं यंत्रापेक्षा स्वस्त पडत. रात्री उठून तापमापक बघणं, झडपा लावणं, बॉयलर भरणं हे त्यांच्या वाट्याला यायचं.

एक शास्त्रीय गोष्ट इथेच सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. काच उष्णतेचे अदृश्य किरण अडवते म्हणून काचघर तापतं, असं आपण शाळेत शिकलो. १९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यानं दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर ते किरण आरपार जाऊ देणारं सैंधव मीठ. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. काचघर तापतं ते मुख्यतः तापलेली हवा वर निसटू शकत नाही म्हणून. पृथ्वीच्या वातावरणाची गोष्ट वेगळी, तिथे किरणांचं अडणंच खरं. पण काचघरापुरती सगळी किमया कोंडलेल्या हवेची आहे. म्हणजे ऊब आणि घुसमट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू.

रात्रीच्या गारव्याचं कोडं सोडवलं फ्रिट्स वेंट यानं. हा डच शास्त्रज्ञ तरुणपणी जावात काम करून पुढे कॅलिफोर्नियात गेला. टोमॅटोला दिवसा ऊब आणि रात्री गारवा मिळाला तरच फळ नीट धरतं, हे त्यानं १९४० च्या दशकात दाखवलं. १९४९ साली पासाडेना इथे त्याची 'फायटोट्रॉन' प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे दिवस, रात्र, ओल, वारा हे सारं खोलीगणिक ठरवता येई.

ग्रेट स्टोव्हचा शेवट मात्र कोळशानं केला. पहिल्या महायुद्धात बॉयलर पेटवायला कोळसा उरला नाही आणि आतली झाडं थंडीनं मेली. १९२० साली ती इमारत सुरुंग लावून पाडली. तिच्या जागी आज कापलेल्या कुंपणझाडांचा भूलभुलैया आहे, वर उघडं आकाश.

मी बाल्कनीच्या दोन काचा काढून टाकल्या आहेत. मामांनी फणसावरून दुसरा गड्डा द्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे.