जाधव, खाशाबा दादासाहेब

(१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४). स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल. जन्म सातारा जिल्ह्यात, कराडजवळील गोळेश्वर येथे. वडील दादासाहेब हेही पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. या जिल्ह्यात उत्तरेस लोणंद-फलटणपासून दक्षिणेस कराड-पाटणपर्यंत गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड रंगतात. खाशाबा घडले ते याच तांबड्या मातीत.

चणीने लहान असल्याने त्यांची भिस्त चपळाईवर होती. ढाक हा हुकमी डाव : प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळायची आणि त्याला सावरू न देता फेकायचे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. मातीत चितपट झाली की निकाल लागतो. ऑलिंपिकमधली कुस्ती मात्र मॅटवरची, आणि तिथे गुणांचा हिशेब सांभाळावा लागतो. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून मिळालेल्या थोड्याशा शिकवणीवर फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मॅटची सवय नसलेल्या मल्लाच्या मानाने ही कामगिरी लहान नव्हे.

१९५२च्या हेलसिंकी स्पर्धेसाठीची निवड सरळ झाली नाही. दाद मागितल्यावर चाचणी कुस्ती ठरली, ती त्यांनी जिंकली. प्रवासखर्चाचा प्रश्न उरला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेल्या झुंजीत ते हरले आणि लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्हसमोर उभे राहिले; तीही कुस्ती ते हरले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरी पराभवाचे सारे खापर त्यावर फोडता येत नाही. इशी हा त्या गटाचा सुवर्णविजेता होता. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांचे कांस्यपदक निश्चित झाले. परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर आखाडे भरवून त्यांनी आधी खर्डीकरांचे घर सोडवले. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले. ते टेनिसपटू लिअँडर पेसचे.

१९५५मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले व सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर थोड्याच काळात रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. सरकारदरबारी त्यांची कदर झाली ती बहुतांशी मरणोत्तर, आणि तीही फार उशिरा. शिवछत्रपती पुरस्कार नव्वदीच्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००१मध्ये मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीगृहाला २०१०मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.