पिनांची विस्मरणं

लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्र झोपतं, उघडलं की उठतं. यात आज कुणाला नवल वाटत नाही. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या एपीएम या वीज-व्यवस्थापन पद्धतीत हे झोपणं-उठणं मुख्यतः बायोसच्या, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, हाती होतं. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाला सोबत घेऊन त्यांनी एसीपीआय ही नवी पद्धत जाहीर केली आणि हा कारभार ऑपरेटिंग सिस्टीमकडे आला.

मोबाइलमधल्या एआरएम चिपांना तसा बायोसच नव्हता. तिथं चिपची एकच पिन कधी सिरियल पोर्टचं काम करते, कधी आयटूसीचं, कधी नुसता दिवा लावते. कुठली पिन कुठल्या कामाला, पुल-अप की पुल-डाउन, हे रजिस्टरांत लिहिलेलं असतं. गाढ झोपेत त्या भागाची वीज तोडली की ते पुसलं जातं. जाग आल्यावर ड्रायव्हर इमानानं कामाला लागतो, पण पिना भलत्याच कामाला जुंपलेल्या!

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप३ चिपमध्ये यावर हार्डवेअरचाच तोडगा होता. नोकियाच्या २००९ च्या एन९०० फोनमध्ये याच घराण्यातली चिप होती. निजण्याआधी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एक बिट लावायचा. चिप पिनांच्या नोंदी वीज न जाणाऱ्या मेमरीत उतरवायची आणि काम झाल्याची खूण मिळेपर्यंत कर्नल थांबायचा. उपाय देखणा, पण त्या घराण्यापुरता. बाकीच्यांचा कोड ज्याचा त्याचा.

लिनक्समधल्या एआरएम कोडच्या या पसाऱ्यावर २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे भडकले. त्याच वर्षी लिनस वॉलेई यांनी पिनांसाठी पिनकंट्रोल ही सामाईक यंत्रणा उभी केली. जानेवारी २०१२ च्या लिनक्स ३.२ मध्ये ती आली. पुढे तिच्यात ‘डिफॉल्ट’, ‘आयडल’, ‘स्लीप’ अशा ठरीव अवस्था आल्या. ड्रायव्हरनं निजताना ‘स्लीप’ मागावी, उठताना ‘डिफॉल्ट’.

मेख पुढेच आहे. मागितलेली अवस्था आधीच लागू असल्याचं नोंदीत दिसलं, तर पिनकंट्रोल काही न करता परततं. एरवी हे शहाणपणाचंच. पण ‘स्लीप’ नेमलेलीच नसेल, तर निजण्याआधीही ‘डिफॉल्ट’ आणि उठल्यावरही ‘डिफॉल्ट’; म्हणून पुसलेली रजिस्टरं पुन्हा लिहिलीच जात नाहीत. सातबाऱ्यावर नाव शाबूत, जमीन पुरात वाहून गेलेली!

म्हणून रजिस्टरं जपण्याचं काम पुन्हा चिपच्या पिन-ड्रायव्हरकडेच आलं. इंटेलचा ड्रायव्हर वापरातल्या पिनांची रजिस्टरं निजताना टिपून ठेवतो, उठल्यावर ताडून पाहतो आणि फरक असेल तिथंच लिहितो. अनेक चिपांना चालणाऱ्या पिनकंट्रोल-सिंगल ड्रायव्हरमध्ये अशी सोय २०१८ मध्ये आली, तीही सरसकट नाही. झोपेत नोंदी गमावणाऱ्या चिपांपुरतीच.