‘एनिग्मा’चा इतिहास आणि पडद्यावरील कल्पित

‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ पडद्यावर झळकली, की प्रेक्षक निर्धास्त होतो. युद्धकाळातील हेरपटांत गणवेश, नौका, शस्त्रे आणि तारखा बहुधा अस्सल असतात. साहजिकच त्यांत वावरणारी माणसेही अस्सलच असतील, असे तो गृहीत धरतो. इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ नेमकी येथे होते. दुसऱ्या महायुद्धातील ‘एनिग्मा’ या जर्मन यंत्रावर बेतलेले तीन गाजलेले चित्रपट हे तिचे बोलके उदाहरण होय.

मूळ घटना काय?

टंकलेखन यंत्रासारखे दिसणारे ‘एनिग्मा’ फिरत्या चकत्यांच्या साह्याने साध्या मजकुराचे दुर्बोध अक्षरमालेत रूपांतर करी. चकत्यांची जुळणी नियमितपणे बदलली जात असल्याने संदेश शत्रूच्या हाती लागला तरी त्याचा अर्थ लागत नसे. या यंत्राची अंतर्गत रचना प्रथम उलगडली ती पोलंडमध्ये. मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने १९३२च्या अखेरीस हे काम केले. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सहकारी. युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी, जुलै १९३९मध्ये, पोलंडने हे सारे ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्सच्या स्वाधीन केले.

पुढचा अध्याय इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे घडला. ॲलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी आखलेली, ‘बॉम्ब’ या नावाने ओळखली जाणारी विद्युत-यांत्रिक यंत्रे १९४०पासून कामाला लागली. युद्धाच्या उत्तरार्धात या संघटनेत हजारो माणसे राबत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. युद्ध संपल्यावरही त्यांनी गुप्ततेची शपथ पाळली. १९७४मध्ये एफ. डब्ल्यू. विंटरबोथम यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे ब्रिटनमधील सर्वसामान्य वाचकाला ही हकिकत कळली. जवळपास तीन दशकांच्या या मौनामुळे लोकांच्या मनात या घटनेचे कोणतेच चित्र तयार झाले नव्हते. ती रिकामी जागा पुढे पडद्याने भरली.

श्रेयाची अदलाबदल

‘यू-५७१’ (२०००) या हॉलिवूडपटात १९४२ साली अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीवर चढून ‘एनिग्मा’ हस्तगत करतात. प्रत्यक्षात ‘एचएमएस बुलडॉग’ या ब्रिटिश विनाशिकेवरील तुकडीने ९ मे १९४१ रोजी ‘यू-११०’ पाणबुडीतून यंत्र आणि संकेतपुस्तिका मिळविल्या. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. अमेरिकन नौदलाने ‘यू-५०५’ पकडली, ती जून १९४४मध्ये. चित्रपटाच्या अखेरीस खऱ्या मोहिमांची नोंद दिली आहे. मात्र दोन तासांच्या थरारानंतर ती किती जणांनी वाचली असेल? हा चित्रपट ब्रिटिश नौसैनिकांचा अवमान असल्याच्या मताशी तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पार्लमेंटमध्ये सहमती दर्शविली होती. पटकथालेखकांपैकी डेव्हिड आयर यांनीही २००६मध्ये या फेरफाराबद्दल खेद व्यक्त केला.

दोषाचे ओझे भलत्याच्या माथी

रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीवरून मायकेल ॲप्टेड यांनी दिग्दर्शित केलेला ‘एनिग्मा’ (२००१) वातावरणनिर्मितीत सरस आहे. मार्च १९४३मधील अटलांटिकवरील संकट आणि कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांचे हत्याकांड या दोन्ही घटना खऱ्या आहेत. त्यांच्या सांध्यावर उभा केलेला फितूर मात्र काल्पनिक आहे, आणि तो आहे पोलिश! ज्या देशाने पहिले कुलूप उघडले, त्याच्याच वाट्याला फितुरी यावी, हे पोलिश प्रेक्षकांच्या जिव्हारी लागले. ब्लेचली पार्कमधील माहिती सोव्हिएत संघाला पुरविणारा जॉन केर्नक्रॉस हा प्रत्यक्षात ब्रिटिश होता.

‘द इमिटेशन गेम’ने (२०१४) ट्युरिंगचे नाव घरोघरी पोहोचविले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्यात केर्नक्रॉस ट्युरिंगच्याच गटात दाखविला आहे. त्याची हेरगिरी उघडकीस आल्यावर तो धमकी देतो आणि ट्युरिंग गप्प राहतो. वस्तुतः दोघे वेगवेगळ्या विभागांत होते आणि असा प्रसंग घडल्याचा कोणताही पुरावा नाही. समलैंगिकतेच्या कायद्याखाली १९५२मध्ये दोषी ठरविल्या गेलेल्या आणि २०१३मध्ये मरणोत्तर राजमाफी मिळालेल्या माणसाच्या माथी पडद्यावर आणखी एक खोटा डाग लागला. वेल्चमन तर कथेतून गळालाच.

मर्यादा कोणती?

अनेक वर्षांचे आणि हजारो हातांचे काम दोन तासांत बसवायचे, तर प्रसंग एकत्र करणे आणि संवाद रचणे अटळच असते. त्याबद्दल तक्रार असू नये. प्रश्न उद्भवतो तो कल्पितामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याकडे गेले किंवा निरपराध्यावर ठपका आला, म्हणजे. असा हेरपट पाहिल्यावर घटना कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून घडली, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरेच धुके निवळते.

३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात ‘यू-५५९’ बुडत असताना लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि नौसैनिक कॉलिन ग्रेझियर तिच्या आत उतरले. त्यांनी वर पाठविलेल्या पुस्तिका टॉमी ब्राउन या उपाहारगृहातील सोळा वर्षांच्या मुलाने बाहेर काढल्या. ते दोघे पाणबुडीसह बुडाले; ब्राउन वाचला. त्या पुस्तिकांमुळे जर्मन पाणबुड्यांचे सुमारे दहा महिने अनाकलनीय राहिलेले संदेश डिसेंबरमध्ये पुन्हा वाचता येऊ लागले. या प्रसंगात कल्पिताची भर घालण्याची गरजच नव्हती.