चंचीतले पाते

धारेची वस्तू भेट द्यायची म्हटले की घरातले कोणीतरी हमखास अडवते. चाकू दिला की नाते तुटते, सुई-कात्री हातात दिली की भांडण होते, अशी समजूत सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत आजही आहे. त्यामुळे खिशात मावणारा घडीचा चाकू ही भेट आपल्याकडची वाटतच नाही. परदेशातून आलेल्या भाच्याने किंवा रजेवर आलेल्या जवानाने आणावी अशी ती नवलाईची वस्तू ठरते. या दोन जिल्ह्यांचा जुना व्यवहार पाहिला तर मात्र ही समजूत टिकत नाही. कमरेला बाळगायचे, खिळ्यावर मिटणारे, बेताच्या किमतीचे पाते इथल्या माणसाजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. ते लग्नात दिले जाई, पाहुण्यापुढे ठेवले जाई आणि बिघडले तर गावातच दुरुस्त होई. ते पाते म्हणजे अडकित्ता. आज कोणाला स्वस्तातला घडीचा चाकू द्यायचा असेल तर निवड कशी करावी, याचे उत्तर कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा या अडकित्त्याच्या इतिहासात जास्त चांगले सापडते, असे माझे म्हणणे आहे.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी त्यांचा संसार बराच काळ एकत्र होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातले. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मधूनमधून औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने होती. पण कृष्णाकाठचा शेतकरी संस्थानातला असो की खालशातला, त्याच्या कमरेची चंची सारखीच होती. कापडाच्या कप्प्याकप्प्यांची ती पिशवी दोरी ओढून गुंडाळायची. एका कप्प्यात पाने, एकात सुपारी, एकात तंबाखू, चुन्याची डबी आणि या सगळ्यांबरोबर अडकित्ता. पाने जवळचीच. मिरज तालुक्यातल्या आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे आजही प्रसिद्ध आहेत. सुपारी कोकणातली, कुंभार्ली घाटाने चिपळूणहून पाटण-कऱ्हाडकडे चढून यायची. तंबाखूची मोठी पेठ निपाणीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. सगळा माल आसपासचा, आणि तो वापरायचा तर कापायला पाते हवेच. पाहुणा आला की आधी पाणी आणि मग पान हा रिवाज असल्यामुळे अडकित्ता घरातल्या सर्वांत जास्त हाताळल्या जाणाऱ्या लोखंडी वस्तूंपैकी एक होता.

त्याची घडण नीट पाहिली तर ती खिशातल्या चाकूच्या घडणीच्या फार जवळ जाते. दोन भुजा, एका टोकाला खिळा. वरच्या भुजेला पाते, खालची भुजा सुपारीला आधार देणारी. मिटला की धार आत जाते, त्यामुळे कमरेला बाळगला तरी कापत नाही. सुपारीसारखा कठीण पदार्थ फोडायचा तर पात्याला धार असून भागत नाही, पोलाद चिवट असावे लागते. आणि खिळा सैल झाला की सुपारी निसटते, बोट सापडते. म्हणून जाणते लोक अडकित्ता घेताना आधी उघडझाप करून खिळा पाहत, मग सुपारीचे खांड कापून पाहत. नक्षीचा विचार त्यानंतर. नक्षीचे अडकित्तेही होतेच. घोडा, मोर, पोपट, स्त्री-पुरुषाची जोडी अशा आकारांचे पितळी अडकित्ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात आणि ते पाहताना कारागिराच्या हाताला मनापासून दाद द्यावीशी वाटते. पण संग्रहालयात जाते ते सरदार-सावकाराघरचे. साध्या कुणब्याच्या चंचीतला अडकित्ता लोखंडी, बिननक्षीचा आणि वापरून वापरून पाते झिजलेला असे. तो मोडला की भंगारात जाई, म्हणून तो फारसा उरला नाही. भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या पात्याचा इतिहास केवळ पितळी मोरांवरून लिहिला तर तो चुकीचा होईल.

भेटीशी त्याचे नाते कसे होते, हे लग्नाच्या रिवाजावरून कळते. सोयरीक पक्की झाली की सुपारी फोडायची, ही पश्चिम महाराष्ट्रातली जुनी पद्धत. दोन घराण्यांचे नाते चारचौघांत ज्या कृतीने जुळते, ती कृतीच मुळी कापण्या-फोडण्याची आहे. पुढे रुखवतात विळी असते, पानाच्या डब्याबरोबर अडकित्ता असतो. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार किंवा सुरी देतात. मूल जन्मले की पाचवीला पाटा-वरवंट्याजवळ विळा किंवा सुरी ठेवून पूजा होते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे, अवजारे धुऊन त्यांना हळदकुंकू लागते. धार अशुभ असती तर नेमक्या या मंगल प्रसंगी तिला एवढ्या मानाने कोणी बोलावले नसते. मग नाते तुटते ही समजूत आली कुठून, असा प्रश्न राहतो. माझ्या मते ती देण्याच्या रीतीविषयी आहे. जुन्या बायका सुई, कात्री, विळी दुसऱ्याच्या हातात थेट देत नाहीत. खाली ठेवतात आणि दुसरीने उचलायची. घाईत धार हाताला लागू नये, एवढा शहाणपणा त्यात आहे. पुढे रीत विसरली आणि भीती उरली. युरोपातही चाकू भेट मिळाला की देणाऱ्याला एक नाणे परत द्यायची चाल आहे, म्हणजे ही शंका आपल्यापुरती नाही आणि तिच्यावरचा उतारा सगळीकडे सोपाच आहे.

लोखंडाविषयीच्या शंकेचे याहून मोठे उदाहरण याच मुलखात घडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. 1910 साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, किर्लोस्करवाडी वसली आणि काही वर्षांत तोच नांगर कृष्णाकाठच्या काळ्या रानात घराघरांत पोचला. शंका उपदेशाने गेली नाही. शेजाऱ्याचे रान नीट नांगरलेले दिसले तेव्हा ती गेली.

आता कारागिरांकडे येऊ, कारण स्वस्त पात्याचा प्रश्न त्यांच्यावरच येऊन ठेपतो. गावचा लोहार हा बलुतेदारांतल्या वरच्या मानाचा. वर्षभर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे धार काढून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. याचा अर्थ असा की पात्याची किंमत विकत घेतानाच संपत नसे. धार आणि डागडुजी ही गावच्या व्यवहारात आधीच धरलेली असे. दुसरा वर्ग शिकलगारांचा. तलवारी, कट्यारी, भाले यांना पाणी देणे आणि चकाकी आणणे हे त्यांचे मूळ काम. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि हे शहर मराठी राज्याची राजधानी झाले, तेव्हा अशा कसबाला तोटा नव्हता. 1848 मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले. 1857 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या रंगो बापूजींच्या कटातल्या लोकांना साताऱ्यातल्या गेंडामाळावर देहदंड झाला. त्यानंतर प्रजेच्या हातातली शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आले आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने तलवार, खंजीर बाळगायला परवाना लागू लागला. तलवारच राहिली नाही तर शिकलगाराने काय करायचे? तो विळी, कात्री, अडकित्ता, चाकू यांच्याकडे वळला, चाक घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला. शिकलगार हे आडनाव सांगली-साताऱ्यात आजही सर्रास भेटते. राजधानीच्या शस्त्रांचे कसब असे घरगुती पात्यात उतरले, आणि माझ्या दृष्टीने हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे.

याच काळात आणखी एक लहान पाते कारकुनाच्या कलमदानात होते, बोरू तासायचे. मोडी लिहायची तर बोरूचे टोक तिरपे आणि स्वच्छ कापलेले हवे, त्याशिवाय अक्षराला वळण येत नाही. सातारच्या दफ्तरातले हजारो कागद या चाकूने तासलेल्या बोरूंनी लिहिले गेले आहेत. पुढे टाक आला, पेन्सिल आली आणि शेफील्ड, झोलिंगेन इथल्या कारखान्यांचे घडीचे चाकू मुंबई बंदरातून बाजारात आले. ते चांगले होते, यात वाद नाही. विलायती पात्याची ख्याती उगीच झाली नव्हती. पण 1905 नंतर स्वदेशीची चळवळ उभी राहिली तेव्हा अशा वस्तूंविषयी जो विचार सुरू झाला तो देशाभिमानापुरता नव्हता. जी वस्तू गावात दुरुस्त होत नाही ती कितीही चांगली असली तरी आपल्याला परावलंबी करते, हा त्यातला व्यवहाराचा भाग मला आजही पटतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. चाकू म्हटला की लोकांना रामपुरी आठवतो, सिनेमातला खटक्याचा आवाज आठवतो, पोलीस ठाणे आठवते. तरुण मुलाला चाकू भेट देणे शहाणपणाचे आहे का? आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण कायद्याने जो भेद केला आहे तो लोकांनी केलेल्या भेदापेक्षा अधिक नेमका आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पाते हे शस्त्र मानले आहे आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून वगळले आहे. त्याशिवाय 1951 च्या पोलीस कायद्यातल्या 37 व्या कलमाखाली सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी जमावबंदीबरोबर चाकू-सुऱ्या बाळगायलाही मनाई होते. तिचे आदेश वर्तमानपत्रांत येत असतात आणि ते पाळायलाच हवेत. विमानात हातातल्या सामानात पाते चालत नाही. एवढे सांभाळले तर तीन इंचांच्या आतले, हाताने उघडायचे, कामाचे पाते हे कायद्याच्या आणि सभ्यतेच्या दोन्ही मर्यादांत बसते. खटक्याने झपकन उघडणारा, कोरलेल्या मुठीचा, भीती दाखवण्यासाठी घडवलेला चाकू मात्र भेट म्हणून कधीच देऊ नये. अडकित्त्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी घाबरले नाही, कारण त्याची घडणच त्याचे काम सांगत होती.

मग अडकित्ताच का देऊ नये, असे कोणी विचारील. शोभेची वस्तू म्हणून जरूर द्यावा. वापरायला देऊ नये असे मी म्हणेन, कारण सुपारीने कर्करोग होतो हे आता सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. चंचीची जागा पुड्यांनी घेतली आणि रोग वाढवला, म्हणून 2012 मध्ये महाराष्ट्राला गुटख्यावर बंदी घालावी लागली. अडकित्त्याचा वारसा पुढे न्यायचा तर सुपारी सोडून न्यायला हवा. तो वारसा आज कुठे जिवंत आहे हे पाहायचे असेल तर तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांत जावे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, घडांची विरळणी, डॉगरिज जातीच्या खुंटावर भरायचे कलम, ही सगळी कामे पात्याची आहेत. छाटणीला सिकेटर, विरळणीला बारीक कात्री आणि कलमाला घडीचा चाकू. कलमाचा काप एका ओढीत गुळगुळीत आला नाही तर जोड धरत नाही आणि वर्ष वाया जाते. बोरू तासणाऱ्या कारकुनाला जी धार लागत होती, तीच आज द्राक्षाच्या काडीला लागते. अशा घरात दिलेला साधा कलमाचा चाकू कपाटात पडून राहणार नाही.

स्वस्त चाकू टिकत नाही, असा शेवटचा आक्षेप घेतात. वाईट चाकू टिकत नाही, हे खरे. पण किंमत आणि वाईटपणा यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही. स्वस्त चाकूत पैसा वाचतो तो बहुधा मुठीवर, नक्षीवर, डबीवर आणि नावावर. साध्या पोलादाचे पाते गंजते, पण दगडावर चटकन धार घेते. शेतकऱ्याला आणि रोज वापरणाऱ्याला ते चालते, पुसून तेलाचे बोट लावले की झाले. शहरातल्या घरी फळे कापायला, पाकिटे फोडायला स्टेनलेसचे बरे, कारण तिथे तेल लावायची सवय नसते. नऊ हत्यारे एकात असलेले स्वस्त चाकू मात्र टाळावेत. त्यांतले एकही धड काम करत नाही आणि सांधे लवकर खिळखिळे होतात. दुकानात घेताना जुन्या लोकांनी अडकित्त्याला लावलेली परीक्षा लावावी: दहा वेळा उघडझाप करून खिळा हलतो का पाहावे, पाते मिटल्यावर मधोमध बसते का पाहावे, उघडल्यावर कुलूप नीट अडकते का पाहावे आणि जाड कागद ओढून कापावा. लहान मुलाला देऊ नये. वयात आलेल्या मुलाला किंवा मुलीला देताना धार कशी लावायची तेही शिकवावे. आणि विकत घेतलेला चाकू तसाच कागदात गुंडाळून देऊ नका. आपल्या गावातल्या लोहाराकडे किंवा चाक घेऊन येणाऱ्या शिकलगाराकडे आधी न्या, चार पैसे देऊन त्याच्याकडून धार लावून घ्या आणि मग द्या.