खिशातलं रिव्हॉल्व्हर: पाच की सहा?

आज आपण अमेरिकेतल्या एका लहानशा वस्तूचा इतिहास बघू: रोज खिशात लपवून न्यायचं रिव्हॉल्व्हर.

१८१३ मध्ये केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी शस्त्र लपवून बाळगायला बंदी केली. उघड शस्त्राला बंदी नव्हती. ज्याच्या मनात काळंबेरं, तोच लपवणार, ही त्यामागची समजूत.

शंभर वर्षांत चित्र पालटलं. १९२७ मध्ये कोल्ट कंपनीचं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' आलं. नळी दोन इंची, गोळ्या सहा. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचं 'चीफ्स स्पेशल' आलं. गोळीचा प्रकार तोच, पण गोळ्या पाचच. एक गोळी कमी केली, म्हणून सिलिंडर बारीक झाला. मागचा घोडा कपड्यात अडकतो, तर १९५२ च्या 'सेंटेनियल'मध्ये तो आतच झाकला.

म्हणजे निवडणाऱ्याची पंचाईत बघा. हलकं घ्यावं, तर झटका जोरात बसतो. नळी आखूड, तर नेम धरणं कठीण. मोठं घ्यावं, तर ते घरीच राहतं!

पण आम्हाला खरा प्रश्न पाच की सहा, हा वाटत नाही. उघड शस्त्र समोरच्याला सावध तरी करतं. लपवलेलं शस्त्र चोराला धाक घालतं असं मानलं, तरी निरपराध शेजारीही तसाच अंधारात राहतो. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत यासाठी परवानाही लागत नाही. १८१३ चा संशय चुकीचा ठरला, की आपल्याला त्याची नुसती सवय झाली? यावर विचार करा.